तिघांची संध्याकाळ

मे महिन्यातल्या एका सकाळी लिंडसीनं माझा उजवा हात आधी बाहीत घातला. एवढंच झालं. कुणाला सांगायला जावं तर म्हणेल, बाई, ह्यात काय मोठंसं? पण ज्याचं अर्धं अंग गेलंय त्याला विचारा. कपडे चढवताना लुळा हात आधी आणि चांगला मागून. उतरवताना चांगला आधी, लुळा मागून. माझा डावा गेलाय, म्हणजे डावा आधी. लिंडसीला हे झोपेतसुद्धा ठाऊक. तीन वर्षं ती मला रोज कपडे घालत होती, आणि तोवर तिचे हात एकदाही चुकले नव्हते. त्या दिवशी तिनं ब्लाउज उलगडला, माझा उजवा हात धरला, बाहीत सरकवला, पाठीवरून कापड ओढून घेतलं, आणि मग माझा डावा हात हातात घेऊन तशीच उभी राहिली. उरलेल्या फटीत तो ओंडका जाणार कसा? मला वाटलं आता हसेल. ती हसली नाही. तिनं माझा हात हळूच मांडीवर ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं. "हे काय केलं मी," ती म्हणाली. मी म्हटलं, "क्लिफर्डचं केलंस. उजवा हात त्याचा." तर ती पाठमोरीच म्हणाली, "माझे हात अजून आधी तिकडेच जातात गं, एव्रिल. मी थांबवते, तरी जातात."

क्लिफर्ड रिमर म्हणजे माझ्या डाव्या अंगाचा शेजारी, आणि त्याचं उजवं अंग गेलंय. ट्रामच्या रुळांकडे पाठ करून आमची तीन बैठी घरं भिंतीला भिंत लागून एका ओळीत आहेत: त्याचं, मधलं माझं आणि उजवीकडे डिलिसचं. लिंडसी सकाळी आधी त्याला उठवायची, मग मला, मग डिलिसला. ईस्टरच्या सुमारास तो न्हाणीघरात पडला, मग छातीत पाणी झालं, तेव्हापासून हॉस्पिटलात होता. लिंडसीनं ब्लाउज काढून पुन्हा नीट घातला. बटणं लावताना तिची बोटं माझ्या गळ्याशी आली तेव्हा मला कळलं की ह्या बाईनं रात्रभर डोळा मिटलेला नाही. बोटांवरून मला कळतं. लॉर्ड स्ट्रीटवर माझं केस कापायचं दुकान होतं, अख्खं आयुष्य मी लोकांच्या डोक्यांना हात लावण्यात घालवलं. मान धुवायला मागे टाकली की बाई घरून भांडून आली आहे का पोराच्या लग्नाला निघाली आहे, हे पाणी गरम होईस्तोवर कळायचं. आता माझ्याच अंगाला दुसऱ्याचे हात लागतात, आणि मी काही विसरलेले नाही, फक्त खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला आले आहे.

आणि किती हात लागून गेले म्हणता. लिंडसीच्या आधी, अंग गेल्यावरच्या पहिल्या दोन वर्षांत, काउन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, माझ्या वाट्याची मदत एका एजन्सीमार्फत पाठवायची. रोज नवी मुलगी. मुली वाईट नव्हत्या, घाईत होत्या. दारातून आत यायच्या तेव्हाच त्यांचा अर्धा जीव पुढच्या घरी गेलेला असायचा. रोज मी सांगायची, डावा आधी, बाळा, डावा. आणि रोज संध्याकाळी साडेसातला मला अंथरुणात टाकून जायच्या, कारण साडेआठला त्यांना दुसऱ्या टोकाच्या कुणाला तरी टाकायचं असायचं. हिवाळ्यात चालून जायचं. पण जून महिन्यात आमच्याकडे दहा वाजेपर्यंत उजेड असतो. बाहेर लोक बागेत माशाचे तुकडे तळतायत, मागच्या गल्लीत चेंडू भिंतीवर आपटतोय, कुणीतरी बायकोला हाका मारतंय, आणि मी सहासष्ट वर्षांची बाई, दात घासून, नाइटगाऊन घालून, छताकडे बघत पडलेली. पडदा लावला तरी त्याच्या कडेनं ऊन आत यायचं आणि भिंतीवर सरकत राहायचं. कूस बदलता येत नाही, उठून बसता येत नाही. त्या उन्हाचा मला इतका संताप यायचा की मी देवाला शिव्या दिल्या आहेत. लहानपणी आई उजेडात झोपवायची तेव्हाही मी चिडायची, पण तेव्हा मोठं होण्याची आशा तरी होती.

संध्याकाळचं माझं आधीपासूनच वेगळं. दुकान सहाला बंद व्हायचं. जमिनीवरचे केस झाडून एकत्र करायचे, करडे, पिवळे, रंगवलेले तांबडे, सगळ्यांचा एकच ढीग. मग पाय बुटांतून काढून पाच मिनिटं बसायचं. मग केन यायचा, माझा नवरा, आणि आम्ही कागदात गुंडाळलेले चिप्स घेऊन समुद्राच्या कडेनं चालायचो. फार बोलायचो नाही. तो वाऱ्याला तोंड करून खायचा आणि मी त्याच्या आडोशाला. दिवसभर दुसऱ्यांची डोकी, आणि त्यानंतरचे ते दोन-तीन तास माझे. केन गेल्यावरसुद्धा मी ते सोडले नाहीत, एकटी चालायची. अंग गेलं तेव्हा लोक येऊन म्हणायचे, हात गेला गं तुझा, कला गेली. मी मनात म्हणायची, हात गेला ते गेला, माझी संध्याकाळ घेऊन गेले त्याचं काय?

हे बाहेर कुणाला बोलले नव्हते. क्लिफर्डनं मात्र कुंपणापलीकडून विषय काढला. तो आयुष्यभर मासेमारीच्या बोटीवर इंजीन सांभाळणारा माणूस, तोंडाचा फाटका, आमचं तोवर धड बोलणंही नव्हतं. चाकाची खुर्ची कुंपणाला लावून म्हणाला, "ए केसवाली, काल साडेसातला इथं रस्त्यावर तीन गाड्या लागलेल्या बघितल्यास?" मी म्हटलं, "मी छत बघत होते." म्हणाला, "तेच. तीन गाड्या, तीन बाया, तीन म्हातारी माणसं. एक तुला झोपवतेय, एक मला, एक त्या आंधळ्या डिलिसला. भट्टीत पाव सरकवल्यागत. तिघांच्या वाट्याचे तास एका भांड्यात टाकले तर एक बाई पाच ते अकरा बसेल ना इथं?" मी म्हटलं, "काउन्सिल असं करू देतं?" "पैसे त्यांचे, पण मदत आपली. आपल्या हातात घ्यायची म्हटलं तर देतात. मी विचारलंय." मग त्यानं मला बोटीचं सांगितलं. त्यांच्या बोटीवर पगार नसायचा, वाटे असायचे. जाळ्यात येईल त्यात प्रत्येकाचा वाटा. आणि कुणी फेरीच्या मधेच जायबंदी होऊन झोपायच्या फळीवर पडला, तरी बोट धक्क्याला लागेपर्यंत त्याचा वाटा कापायचा नाही. मी म्हटलं, "ते माशांचं झालं. मला तुझ्याबरोबर रोज संध्याकाळ काढायची म्हणजे शिक्षाच." "मलाही," तो म्हणाला.

पण केलं आम्ही. काउन्सिलचा इम्रान म्हणून एक मुलगा आहे, त्यानं सगळं जुळवून दिलं. लिंडसीला आम्हीच निवडली, माझ्या पुढच्या खोलीत बसवून, तिघांनी. डिलिसनं विचारलं, गाता येतं का? डिलिस वेल्सची, चर्चच्या गायनात वाढलेली, डोळे गेले तरी गळा शाबूत. लिंडसी म्हणाली, अजिबात नाही. क्लिफर्डनं विचारलं, मासा तळता येतो का? मी काही विचारलं नाही, फक्त म्हटलं, माझ्या कॉलरचं बटण लाव बघू. तिनं आधी आपले हात चोळून गरम केले. मी दुसऱ्या कुणाला भेटायला नकार दिला. मग आमच्या संध्याकाळी सुरू झाल्या. पाचला लिंडसी दोघांना माझ्याकडे आणायची. जेवण, भांडणं, टीव्ही, पत्ते. शुक्रवारी ट्रामनं क्लबात. रात्री एकेकाला झोपवायची पाळी, आणि शेवटची पाळी ज्याची तो त्या दिवसाचा राजा, कारण त्याला अकरापर्यंत बसायला मिळायचं. शेवटच्या पाळीवरून आम्ही शाळकरी पोरांसारखे भांडायचो. क्लिफर्ड तर खोटं बोलायचा, काल मी पहिला होतो म्हणून. कोळंबी आणली की ती सोलायला दोन हात लागतात. त्याचा डावा धरायचा, माझा उजवा सोलायचा. आणि तो मेला सोललेली पहिली कोळंबी स्वतःच्या तोंडात टाकायचा. लिंडसी म्हणायची, "तुम्हा दोघांत मिळून एक धड माणूस आहे, आणि तोही हावरट." डिलिस हसत हसत म्हणायची, माझ्या ताटलीत काय पडलंय ते कुणी सांगेल का?

तर त्याच दिवशी दुपारी इम्रान आला. कोट न काढताच बसला. मी म्हटलं, "कोट काढ, बाळा, आणि सरळ सांग. लिंडसी, त्याला चहा दे." तो गुणी मुलगा आहे, वळसे घेत नाही. म्हणाला, "मिसेस थ्रेलफॉल, क्लिफर्ड आता बरे आहेत, पण पूर्वीसारखे नाहीत. त्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही. रात्रीतून दोन-तीनदा कुणीतरी त्यांना वळवायला हवं, नाहीतर पाठीला जखमा होतील. रात्री माणूस असल्याशिवाय हॉस्पिटल घरी सोडणार नाही." मी म्हटलं, "मग ठेवा माणूस." तो कपाकडे बघत राहिला. "काउन्सिल त्यांच्या वाट्यात थोडी भर घालेल. रात्रभराला ती पुरणार नाही. त्यांच्यासाठी प्रेस्टनच्या पलीकडे एका नर्सिंग होममध्ये जागा आहे. पुढच्या आठवड्यात द्यायची की नाही ते ठरवायचं आहे." "आणि दुसरा मार्ग?" मी विचारलं. त्याच्या मानेवरून दिसत होतं की दुसरा मार्ग आहे. "दुसरा मार्ग मी तुम्हाला सुचवू शकत नाही. तुमचे तास तुमच्या गरजेसाठी आहेत, कुणी तुमच्याकडे मागू शकत नाही. मीही नाही." "इम्रान, मी तुझ्या आजीच्या वयाची आहे. बोल." तेव्हा तो म्हणाला, "तिघांचे संध्याकाळचे तास रात्रीकडे सरकवले, तर रात्रीचा माणूस बसतो. पण मग संध्याकाळची मदत लवकर संपेल."

"लवकर म्हणजे साडेसात," मी म्हणाले.

"साधारण तेवढेच," तो म्हणाला.

डिलिस खिडकीपाशी बसली होती. तिनं क्षणाचाही विचार केला नाही. "माझे घ्या," ती म्हणाली, "मला काय, साडेसात काय नि अकरा काय, उजेड नि अंधार मला सारखाच. रेडिओ अंथरुणातही ऐकता येतो." कुणी माझ्याकडे बघितलं नाही, डिलिसला तर बघताच येत नाही, आणि तरी सगळे माझ्याकडेच बघत होते. मी म्हटलं, "मला विचार करू दे." माझा आवाज मलाच दुकानातला वाटला, गिऱ्हाईक उधार मागायला लागलं की निघायचा तो. इम्रान लगेच म्हणाला, "अर्थातच, अगदी अर्थातच," आणि चहा तसाच टाकून गेला.

मला द्यायचे नव्हते. हे इथं स्पष्टच सांगते, कारण लोकांना वाटतं अंग गेलेलं माणूस आतून मऊ होतं. मला माझी संध्याकाळ द्यायची नव्हती. मी हिशेब मांडत बसले: नर्सिंग होममध्ये नर्स असतील, बाग असेल, त्याच्यासारख्या खलाशांपैकी कुणी भेटेलही. त्याचे तास गेले तरी लिंडसी आणि आम्ही दोघी मिळून नऊपर्यंत तरी ओढू शकू. तो तरी काय, वर्षभराचा, फार तर दोन वर्षांचा सोबती. इथवर आले आणि मला माझीच लाज वाटली, पण लाज वाटून मन बदलत नाही, लाज वाटत राहते आणि मन तिथंच असतं. डोळ्यांपुढे ते भिंतीवरचं ऊन येत होतं. हलता न येता त्याच्याकडे बघत पडायचं, आणि तेही आता कायमचं, कारण पुन्हा कुठलं भांडं जमणार आहे? मी लिंडसीला म्हटलं, "तुला काय वाटतं?" ती भांडी विसळत होती. म्हणाली, "मला विचारू नकोस. मी तुम्हा तिघांची आहे. एकीची बाजू घेतली तर मग तुमच्यात मी नाही राहायची." मग नळ बंद करून म्हणाली, "पण चल, त्याला बघून येऊ. उगाच इथं छत बघत बसू नकोस."

वॉर्डात त्याला ओळखायला मला वेळ लागला. माणूस आडवा पडला की लहान होतो, पण हा तर पार आटला होता. आम्हाला बघून त्यानं पहिलं वाक्य टाकलं, "आलीस का केसवाले, मेलोय का बघायला?" मी म्हटलं, "तुझी शेवटची पाळी मला मिळते आहे, इतकी चैन कधी केली नव्हती." तो हसला आणि खोकला. लिंडसी त्याचा ग्लास धुवायला म्हणून बाजूला गेली; तिला अशा वेळी जायचं कळतं. मग क्लिफर्ड म्हणाला, "तो पोरगा माझ्याकडेही येऊन गेला. माझ्याशी खोटं बोलता येत नाही त्याला. ऐक, एव्रिल. मी प्रेस्टनला जातो. तिथं बाग आहे. मटार चांगले करतात म्हणे." "तुला मटार आवडत नाहीत." "आवडून घेईन." "आणि बागेत तू काय करणार?" "तू काय करतेस खिडकीपाशी बसून? तेच." मग आवाज खाली करून म्हणाला, "माझ्यासाठी तू उजेडात झोपायला गेलीस तर मी थोबाड फोडेन तुझं. डाव्या हातानं. भिंतीपलीकडून तुझ्या शिव्या ऐकत मला पडून राहायचं नाही." मला रागच आला. "मी शिव्या देते हे तुला कुणी सांगितलं?" "भिंत पातळ आहे," तो म्हणाला. "त्या वर्षी जूनमध्ये रोज ऐकायचो. म्हणून तर कुंपणाशी आलो होतो."

इतकी वर्षं मी समजत होते की त्याला स्वतःला अकरापर्यंत बसायचं होतं. बसायचं होतंच त्याला, पण हेही होतं. मी इकडेतिकडे बघितलं आणि म्हटलं, "तुझ्या केसांचं काय करून ठेवलंयस? कुणी विंचरत नाही का?" "विंचरतात की, सकाळी पुढून एक हात मारतात." माझ्या पिशवीत कंगवा असतो, जुनी सवय. तीन वर्षं शेजारी बसून ह्या माणसाच्या डोक्याला मी कधी हात लावला नव्हता. त्यानं मागितलं नाही आणि मी दिलं नाही. लिंडसी आली, तिनं माझी खुर्ची पलंगाच्या डोक्याशी लावली, त्याचं डोकं माझ्याकडे थोडं वळवलं. पुढचे केस ठीक होते. मग मी कंगवा मागे नेला आणि तो अडकला. मानेपासून वरपर्यंत, उशीवर टेकतो तेवढ्या भागात, केसांची घट्ट लोकर झाली होती. माझ्या बोटांना ते लागलं आणि मी थांबले. अशी लोकर एका दिवसात होत नाही. माणूस उताणा पडून राहतो, छताकडे बघत राहतो, उजेडात, अंधारात, आणि कुणाला त्याची मागची बाजू बघायला सवड नसते. तिथल्या मुलींना मी दोष देत नाही, त्या धावत होत्या, मला दिसत होत्या. पण हे डोकं प्रेस्टनला गेलं तर तिथंही असंच उशीवर पडणार. आणि ते कसं असतं हे ह्या वॉर्डात माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

"ओढू नकोस," तो म्हणाला.

"मी कधी ओढलं नाही कुणाचं. गप पड." लिंडसीनं मुळाशी केस दोन बोटांत धरले, म्हणजे त्याला लागू नये, आणि मी टोकाकडून सोडवायला लागले. खालून थोडं, मग त्याच्या वर थोडं. त्याचे डोळे मिटले. त्याच्या मानेतला ताण हळूहळू सुटत गेला आणि डोक्याचा सगळा भार लिंडसीच्या हातांवर आला. मी म्हटलं, "तू घरी येतो आहेस."

"नाही म्हटलं ना तुला."

"तुला विचारलं कुणी? तुमच्या बोटीवर पडलेल्या माणसाला विचारत बसायचे का, बाबा, तुझा वाटा ठेवू का कापू?"

"तो वाटा माशांचा होता," तो डोळे न उघडता म्हणाला. "ही तुझी संध्याकाळ आहे."

"माझी आहे ना? मग मी ती कुठं ठेवायची ते मला ठरवू दे."

मग त्याचा डावा हात चाचपडत आला आणि माझ्या मांडीवरच्या लुळ्या हातावर पडला. त्या हाताला मला काही कळत नाही, म्हणून मी खाली बघून खात्री केली. लिंडसी रडत होती, पण तिनं केस सोडले नाहीत. क्लिफर्ड म्हणाला, "मला भीती वाटते गं तिथं जायची." मी म्हटलं, "माहीत आहे." सगळे केस सुटायला जेवणाची वेळ झाली.

त्याला आणला तेव्हा जून लागला होता. रात्रीसाठी टेरेन्स म्हणून एक सावकाश बोलणारा माणूस मिळाला, आधी कुठल्याशा लाँड्रीत होता. तिघांनी मिळून त्यालाही तपासला. त्याचे हात मोठे आहेत पण घाबरट नाहीत. पहिल्या दिवशी सगळे माझ्याकडे जेवलो, घाईघाईनं, आणि कोळंबीला वेळ नव्हता. मग लिंडसीनं आधी डिलिसला नेलं, मग मला. दात घासले. डावा हात, उजवा हात. अंथरुणात ठेवून तिनं पांघरूण सारखं केलं आणि पडद्याकडे वळली. घड्याळाकडे मी मुद्दामच बघितलं नाही. म्हटलं, "पडदा राहू दे. खिडकी उघड." "गार वारा आहे गं." "असू दे." तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला, तसं ती कधी करत नाही, आणि मग ती टेरेन्सला सगळं दाखवायला पलीकडे गेली.

ऊन होतं तिथंच होतं, भिंतीवर. मी त्याच्याकडे बघत पडले आणि तो जुना संताप वर येण्याची वाट बघू लागले. तो आलाही. मागच्या गल्लीत लोक बोलत होते, कुणीतरी गाडी धूत होतं, जगात सगळ्यांची संध्याकाळ चालू होती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते कानात गेलं आणि मला पुसता येईना, कारण उजवा हात पांघरुणात अडकला होता. क्लिफर्डवर प्रेम आहे का मला, ह्या विचारानं मी एकदम दचकले, आणि मग म्हटलं असेल, त्यानं काय होतं, तरी हे ऊन ऊनच आहे.

तेवढ्यात डावीकडच्या घराच्या खिडकीतून आवाज आला. "एव्रिल, झोपलीस?"

"ह्या वेळी कोण झोपतं, मूर्खा?"

"शिव्या नाही दिल्यास अजून."

"देणार आहे. दम खा."

तिकडे पलंग करकरला, टेरेन्सचा आवाज आला, असं बरं वाटतंय का, आणि क्लिफर्डचं हुं. मग तो म्हणाला, "मला भिंतीकडे वळवून ठेवलंय. असला घाण रंग. कुणी निवडला होता देव जाणे."

"तूच निवडला होतास."

"तुझ्या खिडकीतून काय दिसतंय?"

मी म्हणणार होते, काही नाही. मान वळवून बघितलं. "समोरच्यांनी धुणं काढलेलं नाही," मी म्हणाले. "दोन चादरी, आणि एक लाल शर्ट आहे, त्याची बाही फडफडतेय. धुराड्यावर एक पाणकावळा, नाही, सीगलच आहे, मान आत घालून बसलाय."

"ढग?"

"आहेत. वर. बारीक, कंगवा फिरवल्यासारखे."

"मग उद्या वारा," तो म्हणाला. "ऊन कुठवर आलंय?"

"तुझ्या कुंपणाच्या वरच्या फळीवर. तिथून शेडच्या पत्र्यावर जाईल." मी सांगत राहिले. पत्रा कुठं गंजलाय आणि कुठं चमकतोय ते, ट्रामच्या तारांवरून ऊन कसं धावत जातं ते. लाल शर्ट काढायला आलेली बाई मधेच फोनवर बोलत उभी राहिली ते. तो आधी मधेमधे विचारत होता, मग नुसता हुंकार देत होता, मग हुंकारही लांबले. त्याचा श्वास मला ऐकू यायला लागला, संथ, जरासा घरघरता. मी आवाज उतरवला आणि मग थांबले. कुंपणाची फळी अजून पिवळी होती.

"थांबलीस का गं?" उजवीकडच्या खिडकीतून डिलिस म्हणाली. मला वाटलं होतं ती रेडिओ ऐकत असेल.

"क्लिफर्ड झोपला."

"झोपू दे की त्याला," ती म्हणाली. "तू मला सांग. ऊन पत्र्यावर पोचलं का?"

मी पुन्हा खिडकीकडे मान वळवली आणि तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगायला लागले.